गार होती की तापलेली?

"ट्रक घेतला," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आई दोन क्षण गप्प झाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "नोकरी गेली का रे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. चिपळूणला ट्रक म्हणजे जांभ्याचे चिरे नाहीतर वाळू वाहणारा, समोर लिंबू-मिरची लटकवलेला. डेन्व्हरला संगणकावर काम करणाऱ्या मुलाने ट्रक घेतला म्हणजे घरावर काहीतरी बेतलं असणार. मी तिला समजावलं, की इकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात. चार दारं, एसी, थंडीत गरम होणाऱ्या सीटा आणि मागे साडेपाच फुटांचा उघडा हौदा. या देशात कित्येक दशकं सगळ्यांत जास्त खपणारं मॉडेल पिकअपचंच आहे आणि त्या हौद्यांत बहुतेक वेळा काहीच नसतं. "मग हौदा कशाला?" आईने विचारलं. याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आमच्या हौद्याच्या मागे मात्र काहीतरी होतं. झोपायला, चहा करायला पुरेल असा एक जुना कॅम्पर, वजन साधारण दोन टन. उन्हाळ्यातल्या शनिवारी तो अडकवायचा आणि डोंगर गाठायचे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचावर, 5,280 फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली. तिथून आय-70 हा महामार्ग पश्चिमेला डोंगरात शिरतो आणि साठेक मैलांत आयझेनहॉवर बोगद्यातून 11,158 फुटांवर जाऊन पोचतो. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी 1973 साली खुला झालेला हा बोगदा थोडा वरच राहील.

या चढावर माझ्या ट्रकचं काही केल्या ठरत नसे. सहाव्या गिअरमधून एकदम चौथ्यात यायचा, इंजिन गर्जना करायचं, जरा वेग आला की पाचव्यात जायचा, तिथे दमायचा, पुन्हा चौथ्यात. मिनिटाला पाच-सहा वेळा. बायको शांतपणे म्हणायची, "याला एकदा काय ते ठरव म्हणावं." इथले लोक याला गिअर हंटिंग म्हणतात. घाट चढताना ज्याचे वडील डोळ्यांसमोर येतात, त्याला ही चंचलता फारच लागते.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण डेपोला. आयुष्यातला मोठा काळ त्यांनी कुंभार्ली घाटात वर-खाली करण्यात घालवला. सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचो. घाट लागायच्या आधी, पहिल्या वळणाच्याही आधी, ते गिअर खाली घ्यायचे. क्लच, न्यूट्रल, अॅक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, मग गिअर. दांडा आवाज न करता जागेवर बसायचा. आणि बसला, की माथ्यापर्यंत हलायचा नाही. ठरवायचं काम पायथ्याशी उरकलेलं असायचं.

माझ्या ट्रकमध्ये ठरवणारा मी नव्हतो, ती अडचण होती. गिअर कधी बदलायचा, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे सगळं गाडीतला संगणक कोष्टकं बघून ठरवतो. इंजिनचे फेरे इतके आणि आत शिरणारी हवा इतकी असेल तर ठिणगी पिस्टन माथ्याला पोचायच्या किती अंश आधी पाडायची. वेग इतका आणि पेडल इतकं असेल तर कोणता गिअर. अशी शेकडो कोष्टकं. पूर्वी गाडी ट्यून करायची म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, प्लगमधली फट पत्तीने मोजायची, डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवायचा. आता ट्यून करायची म्हणजे या कोष्टकांतले आकडे बदलायचे. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीत स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. मुळात ते प्रदूषणाची तपासणी सोपी व्हावी म्हणून आलं. त्याच वाटेने आता आकडे आत-बाहेर जातात.

हे आकडे बदलून देणारा एक माणूस मला मिळाला. तो टेक्ससमध्ये, समुद्राकाठी राहतो. त्याने माझा ट्रक कधी पाहिला नाही, पाहणारही नाही. तो फाइल पाठवतो, मी ती गाडीत भरतो, गाडी चालवून सगळ्या नोंदी त्याला पाठवतो, त्या वाचून तो फाइल सुधारतो. नाडी न बघता टपालाने काढे पाठवणाऱ्या वैद्यासारखा हा प्रकार. सुरुवातीला त्याने एक फॉर्म भरून घेतला. गाडी कोणती, टायर केवढे, मागे ओढता काय, पेट्रोल कोणतं. पेट्रोलच्या रकान्यात मी 'रेग्युलर' लिहिलं. त्या एका शब्दाकडे पुढे यावं लागणार आहे.

पहिली फाइल भरली ती संध्याकाळ मला चांगली आठवते. गॅरेजमध्ये बॅटरीला चार्जर लावला, किल्ली अर्धी फिरवली आणि हातातल्या यंत्राचं बटण दाबलं. डॅशबोर्ड काळा झाला. मग सगळे काटे एकदम शेवटापर्यंत गेले आणि शून्यावर आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. आत कुठेतरी पंखा सुरू होऊन बंद पडला. दहा मिनिटं मी श्वास रोखून बसलो होतो. मध्येच वीज गेली तर दारात दोन टनांचं लोखंड उरेल, असं काहीबाही मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी अक्षरशः उडाली. पेडलला पाय लावायचा अवकाश, की ट्रक पुढे. सिग्नलवरून निघताना बायकोच्या हातातली कॉफी सांडली. मी खूश. ऑफिसात दोघांना सांगूनही टाकलं. चार दिवस हा आनंद टिकला. मग नोंदी उघडून बघितल्या आणि चपापलो.

आजकाल पेडलखाली तार नसते. पूर्वी पाय दाबला की तार ओढली जायची आणि झडप तेवढीच उघडायची. आता पेडल म्हणजे नुसता अर्ज आहे. 'मला इतका जोर हवा आहे' असा अर्ज पाय करतो, संगणक तो वाचतो आणि झडप किती उघडायची ते आपलं आपण ठरवतो. जुन्या फाइलमध्ये मी तीस टक्के मागितले तर तीसच्या आसपास मिळायचे. नव्या फाइलमध्ये तीस मागितले की पंचावन्न मिळत होते. अर्ज लवकर मंजूर होत होते, इतकंच. तिजोरीत भर पडली नव्हती. पेडल तळापर्यंत दाबून मोकळ्या रस्त्यावर चाळीस मैलांपासून साठपर्यंतचा वेळ मोजला, तर आधीच्यात आणि आत्ताच्यात एक दशांश सेकंदाचा फरक. तेवढा तर माझ्या अंगठ्याचाही असेल.

आणि घाटात रडगाणं तेच. मी टेक्ससला कळवलं, 'चढावर मजा येत नाही. गिअर विचित्र पडतात.' उत्तरात फक्त प्रश्न आले. कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये? वेग किती, पेडल किती? मागे वजन होतं की मोकळी? इंजिन गार होतं की तापलेलं?

मला एकाचंही उत्तर देता येईना. विचित्र म्हणजे विचित्र. एवढं समजत नाही का याला?

त्या रविवारी अण्णांशी बोलताना मी हे बोललो, थोडं कुरकुरल्यासारखं. ऑटोमॅटिक गिअर या प्रकाराला त्यांच्या लेखी फारशी किंमत नाही. तरी त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भरलेली होती की मोकळी?"

"मागे कॅम्पर होता."

"गार होती की तापलेली?"

मी हसायला लागलो. हजारो मैलांवर, एकमेकांची भाषा न जाणणारी दोन माणसं मला एकच प्रश्न विचारत होती.

मग अण्णा डेपोबद्दल बोलले. ड्युटी संपली की ड्रायव्हरने गाडीचा दोष लिहून द्यायचा असे. कुणी 'गिअर नीट पडत नाही' असं लिहिलं, तर रात्रपाळीचा मेकॅनिक डेपोच्या आवारात गाडी एक चक्कर फिरवणार, त्याला गिअर नीटच पडणार, आणि सकाळी गाडी आहे तशी बाहेर. म्हणून अण्णा लिहायचे: तिसरा गिअर निसटतो, घाटातच, गाडी भरलेली असताना, अर्ध्या चढानंतर, मोकळ्या गाडीत नाही. "एवढं लिहिलं की त्याला आवारात फिरवून बघायची गरजच पडत नसे," ते म्हणाले. "तो सरळ खोलायलाच घ्यायचा. 'विचित्र' लिहून काय होणार? विचित्र तर सगळंच असतं."

रागावलेला माणूस स्वतःबद्दल बोलत असतो, त्याला किती त्रास झाला याबद्दल. दोष सांगायचा तर स्वतःला थोडं बाजूला सारून वस्तूकडे बघावं लागतं. मी महिनाभर माझ्या नाराजीची वर्णनं पाठवत होतो, आणि पलीकडच्या माणसाला हवी होती माझ्या गाडीची.

मग मी शिस्तीत नोंदी घ्यायला लागलो. लॅपटॉप मागच्या सीटवर, वायर सॉकेटमध्ये. सेकंदाला दहा ओळी: फेरे, पेडल, झडप, ठिणगीचे अंश, गिअर, गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान. तासाभराच्या प्रवासाच्या छत्तीस हजार ओळी. पहिल्यांदा ते आकड्यांचं वारूळ वाटतं. नंतर त्यात रस्ता दिसायला लागतो. इथे फेरे चढले म्हणजे हे जॉर्जटाउनच्या पुढचं चढण. इथे पेडल शून्य, म्हणजे समोरचा सिमेंटचा ट्रेलर आडवा आला तो क्षण. इथे पेडल सारखं वर-खाली, वर-खाली: हा मी. कोष्टकाला माझा पाय एकदा पन्नास मागत होता, लगेच पस्तीस, लगेच साठ. गिअर चंचल होता हे खरं, पण त्याला नाचवणारा पाय माझाच होता. निम्मा दोष संगणकाचा निघाला आणि निम्मा चपलेचा. हेही टेक्ससला लिहून कळवलं. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, त्याचा अर्थ साधारण 'शाबास'.

उरलेला निम्मा दोष त्याने दुरुस्त केला. गिअर वर जायची रेषा आणि खाली यायची रेषा या दोन वेगळ्या असतात. त्या फार जवळ आल्या की गाडी दोहोंमध्ये हेलकावत राहते. त्याने त्या लांब केल्या. एकदा चौथ्यात आलास की आता थोडं थांब, लगेच पाचव्याचा विचार करू नकोस. अण्णा हातातल्या दांड्याने जे करायचे, ते त्याने दोन रेषांमधलं अंतर वाढवून केलं.

नोंदींतच 'रेग्युलर'ची गोष्टही सापडली. तिसऱ्या फाइलनंतर एका चढावर ठिणगीचे अंश मध्येच पाचांनी खाली येत होते, पुन्हा हळूहळू चढत होते, पुन्हा खाली. इंजिन ठोकत होतं. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाळा एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जायला हवी. पण दाब आणि उष्णता फार झाली, की कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्वाळेची वाट न बघता आपणहून भडकतं. कानाला ते पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं ऐकू येतं. इंजिनच्या ठोकळ्याला एक सेन्सर कान लावून बसलेला असतो. त्याने ते ऐकलं की संगणक ठिणगी मागे घेतो. मला केबिनमध्ये काहीही ऐकू आलं नव्हतं. कागदावर मात्र ते पाच अंश स्पष्ट दिसत होते.

पेट्रोल किती सहनशील आहे ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. इथला आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, म्हणून इथलं 87 आणि आपल्याकडचं 91 हे जवळपास सारखंच पेट्रोल. टेक्ससमध्ये 'रेग्युलर' म्हणजे 87. आमच्या कोलोरॅडोत पंपावर 'रेग्युलर' म्हणून जे मिळतं ते 85! विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी राहतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळात एवढ्यावर भागायचं. ती पद्धत अजून चालू आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं, त्याने चुकीचं वाचलं नव्हतं. शब्द एकच होता, त्यामागचा आकडा वेगळा होता.

या ठोक्याच्या पायी जगाने मोठी किंमत मोजली आहे. 1921 साली थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाला सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की इंजिन ठोकायचं थांबतं. इंजिनं गप्प झाली आणि शिसं पुढची कित्येक दशकं रस्त्यावरच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिलं. अमेरिकेने रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते 1996 मध्ये पूर्ण बंद केलं, भारताने 2000 साली. आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असं नसतं, हे यापेक्षा महागात कुणी शिकलं नसेल.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळा. कंपनीच्या मूळ फाइलवर मी तेच 85 वर्षानुवर्षं भरत होतो, तेव्हा गाडीने कधी तक्रार का केली नाही? कारण कंपनीने शिल्लक ठेवलेली होती. ज्याने ती कोष्टकं भरली त्याला माहीत होतं, की ही गाडी कुणीतरी अॅरिझोनाच्या उन्हात नेईल, कुणी तेल बदलायचं विसरेल, कुणी न वाचता स्वस्त पेट्रोल भरेल. त्या सगळ्या अनोळखी, निष्काळजी लोकांसाठी त्याने प्रत्येक आकड्यात थोडं थोडं मागे ठेवलं होतं. ट्यूनने गाडीला नवी ताकद येते असं आपण म्हणतो. ती बहुतेक ही ठेव मोडून आलेली असते. ठेव मोडायला हरकत नाही, पण मग निष्काळजी राहायची मुभाही तिच्याबरोबर जाते. मी त्या दिवसापासून 91 भरतो आणि नोजल हातात घेण्याआधी आकडा वाचतो.

गिअरबॉक्सने शिकवलेला धडा याच्या उलट दिशेचा होता. मला गिअर लोण्यासारखे पडायला हवे होते. पूर्वी ते तसे पडायचे. दुसऱ्यातून तिसऱ्यात गाडी कधी गेली ते कळायचंही नाही. नव्या फाइलमध्ये तिथे एक हलका धक्का बसायला लागला. मी लगेच कळवलं, या वेळी नीट: दुसरा ते तिसरा, पंचवीस मैल, पेडल वीस टक्के, गाडी गार. उत्तर आलं, की तो धक्का मुद्दाम दिलेला आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो तेव्हा आतला एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. तो दुसरा हळूहळू पकडला की प्रवाशाला काही कळत नाही. पण त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या चकत्या एकमेकींवर घासत असतात. मागे दोन टन असले तर आणखी घासतात. तीच ती गुळगुळीत चाल. तेल तापतं, चकत्या झिजतात आणि लाखभर मैलांनी बिल येतं. पटकन पकडला तर धक्का बसतो, पण घर्षण तिथेच संपतं. माझ्या नोंदींत ते दिसलंही. त्याच चढावर, तेवढ्याच वजनाला, आधी तेल 107 अंश सेल्सियसला जायचं, आता 97 वर थांबलं. यात त्या धक्क्याबरोबर आणखी एका गोष्टीचा हात होता: टॉर्क कन्व्हर्टरच्या कुलपाचा.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलात बुडालेली पात्यांची चाकं समोरासमोर असतात. एक पंखा लावून दुसरा बंद पंखा समोर धरला तर तोही फिरतो, तसं. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं. तेलातून जोर देताना काही वाया जातो, म्हणून वेग आला की ही चाकं एका क्लचने एकमेकांना जखडतात. घाटात ते कुलूप सारखं उघडत होतं. नव्या फाइलमध्ये ते चौथ्यात लागलं की लागलेलंच राहू लागलं. पण सपाटीवर चाळीस मैलांना तेच कुलूप फार लवकर लागायचं आणि गाडी घरघरायची. मला आधी वाटलं रस्ताच खराब आहे. पाचव्या फाइलमध्ये ते पाच मैल पुढे सरकलं, आणि खराब रस्ता एका रात्रीत दुरुस्त झाला.

प्रत्येक फाइलनंतर तो बजावायचा, की लगेच मत देऊ नका. नवी फाइल भरली की गिअरबॉक्स आपलं शिकलेलं विसरतो. कोणत्या क्लचला किती तेल लागतं, कोणता किती झिजलाय, हे तो पुन्हा पहिल्यापासून अजमावतो. शंभरेक मैल साधं, शहाण्यासारखं चालवा, मग बोला. एका वेळी एकच बदल, हा त्याचा दुसरा नियम. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर मुळीच नाही.

काही गोष्टींना त्याने सरळ नकार दिला. धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांना हात लावणार नाही, त्यांच्यावर नजर ठेवणारी कोष्टकं बंद करणार नाही. इथल्या स्वच्छ हवेच्या कायद्याने तो गुन्हा आहे. फोक्सवागेनला 2015 मध्ये जे भोवलं तेही शेवटी काही कोष्टकांत दडवलेलं खोटंच होतं. डिझेल पिकअपमधून मुद्दाम काळा धूर सोडून मागच्या सायकलवाल्याला न्हाऊ घालण्याचा छंद या देशात आहे, आमच्या राज्यात त्याला दंडही आहे. आणि एक गोष्ट त्याच्याही हातात नव्हती. बोगद्याच्या तोंडाशी हवाच समुद्रकाठापेक्षा साधारण एक तृतीयांशाने विरळ असते. तेवढा जोर कमीच मिळणार. आकडे कितीही बदलले तरी नसलेली हवा लिहून आत घालता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई-अण्णा आले. आईने ट्रकभोवती एक फेरी मारली, हौद्यात डोकावून बघितलं आणि "आत काहीच नाही" असा निर्वाळा दिला. एका सकाळी कॅम्पर अडकवून आम्ही निघालो. अण्णा पुढे माझ्या शेजारी. चढावर ते काही बोलले नाहीत. ट्रक चौथ्यात होता, चौथ्यातच राहिला. ट्रकांच्या लेनमधून, पंचेचाळीस मैलांनी, एका सुरात. मी पाय स्थिर धरला होता. बोगदा आला, दीडेक मैलांचा अंधार संपला आणि पलीकडचा उतार सुरू झाला: सात टक्क्यांचा, कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूचे चढते रस्ते काढलेला.

त्या रस्त्यांकडे बघून अण्णांचा उजवा पाय पुढे सरकला आणि चटईवर दाबला गेला. निवृत्त ड्रायव्हरचा पाय कधी निवृत्त होत नाही. मी ब्रेकला एकदा हलकेच पाय लावला. गाडी पाचव्यातून चौथ्यात आली, दुसऱ्यांदा लावल्यावर तिसऱ्यात. फेरे चढले, इंजिनने गाडी धरून ठेवली, आणि वेग जिथल्या तिथे राहिला.

"कुणी घातला गिअर?" अण्णांनी विचारलं.

"गाडीने."

"हं." मग थोड्या वेळाने, "चढताना चौथा होता. उतरताना तिसरा बरा. मागे वजन आहे." घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा जुना नियम, पण तो त्यांनी ओझं बघून मोडलेलाही मी पाहिला आहे. त्यांचा पाय हळूहळू चटईवरून मागे आला.

पायथ्याशी सिल्व्हरथॉर्नला पंपावर थांबलो. मी आकडा वाचून 91 भरत होतो. अण्णा उतरून गाडीच्या पुढे गेले, वाकले, आणि चाकाजवळ हाताची मागची बाजू धरली. मग दुसऱ्या चाकाजवळ. मग कॅम्परच्या दोन्ही चाकांजवळ. डेपोत आल्यावर ते असंच करायचे. ज्याने घाट ब्रेकवर उतरवला त्याची गाडी तिथे भाजते. छत्तीस हजार ओळींचा हिशेब त्यांनी चार वेळा हात धरून तपासला.

"गार आहेत," ते म्हणाले.

मी नोजल जागेवर ठेवला. एवढ्यात त्यांना आणखी काही आठवलं.

"सकाळी निघालो तेव्हा दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना जरा आपटली. गार असताना. नंतर नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिहून दिलंस?"

"दिलं होतं, अण्णा. ते तसंच ठेवायचं ठरलंय."

"कोण म्हणालं?"

"मेकॅनिक."

अण्णांनी मान डोलावली आणि हात पँटला पुसत ते आपल्या सीटवर जाऊन बसले.